चौथीची पंगत

चार वर्षांत शिल्पाच्या हातची खिचडी कधी लागली नव्हती. त्या दिवशी लागली. आणि लागली म्हणजे काय, पातेल्याच्या बुडाशी काळा थर धरला आणि करपट वास शाळेच्या फाटकातून निघाला तो पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत गेला. "काय व शिल्पा, आज झोप लागनी व्हती का?" असं एकानं तिथूनच ओरडून विचारलं.

झोप कुठली! बाई चांगली टक्क जागी होती. हातात कालथा होता, समोर पातेलं होतं, नुसतं मन जाग्यावर नव्हतं. त्याला कारण सोनवणे सर.

लोणसडीची शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. एप्रिलात सकाळची शाळा असते, तरी नऊ वाजले नाहीत तोवर पत्रा तापून तडतडायला लागतो. गॅसची टाकी वेळेवर आली तर आली, नाहीतर शिल्पा कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालते. त्या दिवशी चूलच होती. धुरानं डोळे चुरचुरत होते, पदर कमरेला खोचलेला होता, आणि सर दारात येऊन उभे राहिले. शाळेचे मोठे सर तेच आणि धाकटेही जवळपास तेच, कारण दुसरे गुरुजी निम्मे दिवस कसल्या ना कसल्या कामाला तालुक्याला.

"शिल्पाताई, एक बोलायचं होतं," सर म्हणाले. "यंदा आपल्याकडं पाचवी जोडायचं चाललंय. पण चौथीतली पोरं भडगावच्या शाळेत गेली तर वर्ग कुणासाठी उघडू? सगळी इथंच राहिली पाहिजेत."

"मग राहतील की सर."

"कशी राहतील? सगळ्यांचे डोळे भडगावकडं. तुमच्या स्नेहलचे तर सगळ्यात आधी." सर जरा घुटमळले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "आणि तुमचंही आहेच ना. शाळा समितीचा ठराव तुम्हाला ठाऊक आहे. ज्या आईचं लेकरू शाळेत, तिच्याच हाती स्वयंपाक. स्नेहल गेली की जूनपासून दुसरी बाई बघावी लागेल. तुम्ही बायांत बोला. तुमचा शब्द आहे गावात."

सर गेले आणि खिचडी लागली ती तेव्हा.

आता पोरगी चौथी पास होतेय म्हटल्यावर आईला आनंद व्हावा की नाही? झाला होता, नाही कशाला म्हणा. जयंतीच्या दिवशी विहारासमोर स्नेहल माइकवर बोलली, न अडखळता बोलली, तेव्हा शिल्पाचा ऊर भरून आला होता. त्या जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत फडफडत होत्या. पण पोरगी शाळेतून निघणार म्हणजे आपणही निघणार, हे तिच्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं. सरांनी ते घुसवलं, आणि आता ते कुसळासारखं टोचत राहिलं.

आणि "तुमचा शब्द आहे गावात" हे तर जास्तच. कारण चार वर्षांपूर्वी शब्द सोडा, तिच्या हातचं पाणी चालेल की नाही याचीच गावात कुजबुज होती. शिल्पानं पळी हातात घेतली त्या आठवड्यात वरच्या आळीची पोरं घरून डबे आणायला लागली. पाटलाची म्हातारी ताईबाई, पुनमची आजी, त्यात पुढं. "मनी पुनमनं पोट नाजूक शे," असं तिनं साळसूद तोंडानं सांगितलं. नाजूक पोटाची पुनम डबा घेऊन एका बाजूला बसायची आणि स्नेहलच्या ताटातल्या गरम खिचडीकडं टकमक बघायची. एक दिवस तिनं डबा झाकला तो झाकलाच, आणि स्नेहलच्या ताटात हात घातला. दोघी एका ताटात जेवल्या. शिल्पानं बघून न बघितल्यासारखं केलं. हळूहळू बाकीचे डबेही बंद झाले. कुणी काही बोललं नाही, कुणी माफीही मागितली नाही. खिचडीनंच ते मिटवलं म्हणा.

आणखी एक गंमत होती. पहिलीत स्नेहल पंगतीतून ओरडली, "आई, माले जास्त वाढ!" तर पोरं फिदीफिदी हसली. पुनम म्हणाली, "हाई काय तुनी एकलीनी आई शे? हाई बठ्ठासनी मावशी शे." दुसऱ्या दिवसापासून स्नेहलही तिला शाळेत मावशी म्हणायला लागली. घरात आई, फाटकाच्या आत मावशी. शिल्पाला हसू आलं होतं, आणि थोडं कुठंतरी लागलंही होतं. पण रोज डोळ्यांसमोर पोर जेवते हे काय थोडं सुख? ती कढीपत्ता बाजूला काढते, वाटाणे शेवटी खाते, ताट चाटूनपुसून घेते. असं चार वर्षं बघायला मिळालेली आई गावात दुसरी कोण होती?

घरी आली तर तिथंही तेच. सासू भागाबाई ओट्यावर बसून स्नेहलच्या दोन वेण्या घालत होती. लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या.

"परीक्षा संपनी नही अजून, आन हाई काय नखरं?" शिल्पानं विचारलं.

"भडगावना शायामा दोन वेण्या लागतस," स्नेहल मान न हलवता म्हणाली. "मी सवय करी ऱ्हायनी."

"तठे दुपारले काय खाशी?"

"तठे खिचडी गाडीमा येस. मोठा डबामा."

"गाडीमधली!" शिल्पा उसळलीच. "थंडगार झायेली! ना तिखट ना मीठ!"

"तिले अजून खाऊ तर दे," भागाबाई तोंडातल्या तोंडात हसली.

संघपाल संध्याकाळी आला. तो केळी कापणीच्या टोळीत असतो. खांद्यावर घड वाहून वाहून त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेत, ते कशानंही निघत नाहीत. एक पांढरा शर्ट त्यानं पेटीत वेगळा ठेवलाय, त्याला तो कामाच्या दिवशी हातही लावत नाही. अंगणात हातपाय धुताना त्यानं पोरीच्या वेण्या बघितल्या आणि हसून म्हणाला, "जूनमा मी पांढरा शर्ट घालीसन तुले भडगावले लयी जासू. नाव घालानं शे ना!"

शिल्पानं सरांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. भाकरी थापताना तिचा हात जोरात पडायला लागला. भाकरी फाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. शाळा सुटली, भांडी घासली, की बाई गल्लीगल्लीनं फिरायला मोकळी. दिवस पापड-बिबड्यांचे. गावात दुपारी ज्या घरी जावं त्या घरी बाया लाटायला बसलेल्या, बाजेवर पांढऱ्या साडीवर पापड वाळत घातलेले. शिल्पा जायची, दाराशी टेकायची आणि इकडून तिकडून विषय रस्त्यावर आणायची.

आणि रस्त्यावर सांगण्यासारखं होतंही. गिरणा नदीच्या पात्रातून वाळूचे डंपर निघतात ते याच रस्त्यानं. धूळ अशी की पुढचा माणूस दिसत नाही. मागच्या वर्षी एका म्हशीला उडवलं. "एवढ्या एवढ्या पोरी, त्या रस्तावर येस्टीनी वाट देखत उभ्या ऱ्हातीन. मना तर जीव ऱ्हात नही," शिल्पा म्हणायची, आणि म्हणताना तिचा जीव खरंच राहत नसे. स्नेहल त्या धुळीत उभी आहे असं तिला दिसायचं. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीच्या मागं पळीही उभी होती, आणि ती शिल्पाला दिसत होती. दिसत होती म्हणूनच ती जास्त जोरानं डंपरचं बोलायची.

एकीनं हो म्हटलं. दुसरीनं म्हटलं. मग बाकीच्यांनीही. चौथीत पोरं सहाच, त्यात चार पोरी. राहता राहिली पुनम, म्हणजेच ताईबाई. पुनमचा बाप योगेंद्र शेती बघतो, घरातला शब्द मात्र ताईबाईचा. आईनं नाही म्हटलं तर योगेंद्र आपली मिशीसुद्धा काढायचा नाही.

पाटलांच्या घराची पायरी शिल्पानं कापूस वेचणीच्या दिवसांत चढली होती, तीही मागच्या बाजूची. आज ती पुढच्या ओट्याशी आली आणि खाली उभी राहिली. ताईबाई पोळपाट घेऊन बसली होती, हात उडदाच्या पिठानं पांढरे.

"उन्हातान्हात कशी उनी व? वर ये. बठ."

शिल्पा वर चढली. कडेला बसली. ताईबाईनं दुसरा पोळपाट तिच्याकडं सरकवला. "रिकामी काय बठशी, दोन लाट."

शिल्पानं लाटणं हातात घेतलं. चार वर्षांपूर्वी हिनंच डबा पाठवला होता. तीच आता पापड लाट म्हणते, वर्षाचे पापड, घरात ठेवायचे. तिनं पापड लाटला, पातळ, गोल, आणि सगळं सांगितलं. डंपर सांगितले, धूळ सांगितली, म्हैस सांगितली. इथंच पाचवी होणार हेही सांगितलं.

ताईबाईनं ऐकून घेतलं. लाटलेला पापड उचलून उन्हाकडं धरून बघितला.

"तू म्हनस ते खरं शे," ती म्हणाली. "पुनम तुना हातनं खाईसन मोठी झायी. तू वाईट सांगशी का? ऱ्हाऊ दे पोरले आठेच."

शिल्पाला खरं म्हणजे उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. जिंकली होती ती! पण पायरी उतरताना तिचा पाय रेंगाळला. परत मागं जावं आणि काहीतरी सांगावं असं वाटलं, काय ते कळेना. ती तशीच चालत राहिली आणि आपल्या गल्लीचं वळण चुकून पुढं गेली. इतकी वर्षं जिथं वावरली त्या गावात बाई रस्ता चुकली, आता बोला.

सकाळी स्नेहल शाळेत आली ती एका वेणीनं. रिबीन नाही. शिल्पानं स्वयंपाकघरातून बघितलं आणि तांदूळ धुता धुता हात थांबला.

पंगत बसली. शिल्पा बादली घेऊन वाढत आली. स्नेहलच्या ताटात पळीभर पडली आणि दुसरी टाकायच्या आधी स्नेहलनं ताटावर हात आडवा धरला.

"बस, मावशी."

"इतलुशी? घे ना."

"बस म्हटलं."

पोरांचे हात ताटावर आडवे येतात ते शिल्पाला ओळखू येतात. पोट भरल्याचा हात वेगळा, रुसल्याचा वेगळा. हा रुसल्याचाही नव्हता. पुढं बसलेल्या पुनमचे डोळे लाल होते. ती शिल्पाकडं बघतच नव्हती. स्नेहलनं तेवढी पळीभर खिचडी बोटानं इकडून तिकडं केली आणि ताट उचलून नळावर गेली. वाटाणे तसेच राहिले होते.

घरी शिल्पानं तिला धरलं. "काय व्हयनं? काब नही खाधं?"

स्नेहल रडली नाही. रडली असती तर शिल्पाला सोपं गेलं असतं. "पुनम सांगे, तूच बठ्ठासले सांगं. आठेच पाचवी कराले तूच सांगं."

"अव माय, त्या रस्तावर डंपर..."

"मी डंपरले भ्यात नही," स्नेहल म्हणाली. "तू भ्यास."

आणि गेली ती ओट्यावर, आजीच्या मांडीपाशी. रात्रीची भाकरीही तिनं चतकोर खाल्ली. भागाबाईनं नातीला गोंजारलं, सुनेकडं एकदा बघितलं, आणि बोलली काहीच नाही. सासू बोलते तेव्हा तोंड देता येतं. न बोलणाऱ्या सासूचं काय करायचं?

संघपालला सगळं गावातूनच कळलं होतं. तो अंगणात पाय धूत होता. खांद्यावर घडाच्या घासानं कातडी सोललेली. त्याला ओरडता येत नाही, तो नुसता बसक्या आवाजात बोलतो आणि ते जास्त लागतं.

"खरं सांग शिल्पा," तो म्हणाला. "हाई बठ्ठं तू पोरगीकरता करी ऱ्हायनी, का त्या पळीकरता?"

शिल्पाला राग आला. "पळीकरता? माले काय आवड शे का चुलीपुढं बठानी? धूर खाई खाई मना डोया गयात! तू केळी वाहीसन येस, मी घर कसं चालाडस तुले काय माहीत?" ती बोलत गेली आणि मध्येच थांबली. आपण काय बोलतोय ते तिलाच ऐकू आलं.

संघपालनं पाय पुसले. "मी चौथीमाच शाया सोडी," तो म्हणाला. "कोनी सांगं नव्हतं सोड म्हणीसन. बठ्ठा म्हनेत, आठेच ऱ्हा, रस्ता लांब शे." एवढं बोलून तो आत गेला.

निरोप समारंभ शनिवारी होता. लोणसडीच्या शाळेची एक रीत आहे. निरोपाच्या दिवशी चौथीची पोरं कुणाच्या हातचं वाढून घेत नाहीत, तीच सगळ्या शाळेला वाढतात. सर, गुरुजी, स्वयंपाक करणारी बाई, आलेले आईबाप, सगळे पंगतीत बसायचे आणि चौथीच्या पोरांनी बादल्या घेऊन फिरायचं. चार वर्षं खाल्लं, एक दिवस वाढायचं. सोनवणे सरांच्या आधीच्या कुणीतरी ही रीत पाडली, ती राहिली.

त्या दिवशी शिल्पा उजाडायच्या आधीच शाळेत. पातेली आदल्या दिवशी घासलेली होती, तरी परत राखेनं घासली. तांदूळ दोनदा निवडले. गोड म्हणून शिरा केला, खिचडीत हात सैल सोडून वाटाणे टाकले. चव बघायला घेतली तर जिभेला काही कळेना. मीठ आहे की नाही ते दुसऱ्या गुरुजींना विचारलं. "आहे की," ते म्हणाले. तरी तिला खात्री वाटेना. पत्रा तापला, घाम डोळ्यांत उतरला, ती आत-बाहेर करत राहिली.

बाया आल्या. ताईबाई आली, खुर्चीवर नाही, सरळ सतरंजीवर पंगतीत बसली. सर दोन शब्द बोलले. "आपली पोरं कुठं जात नाहीत बरं का, आपल्याकडंच पाचवी होणार," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. चौथीच्या सहा पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिल्पानं बघितलं, ती सहाही पोरं जमिनीकडं बघत होती.

पंगत बसली. शिल्पाही बसली, ताईबाईच्या शेजारची जागा रिकामी होती तिथंच. आपण रोज जिथं उभं राहून वाढतो तिथं खाली मांडी घालून बसलं की सगळं उंच दिसतं. स्नेहल बादली घेऊन येत होती. बादली जड, पोरगी एका बाजूला कललेली, पळी दोन्ही हातांनी धरलेली. एका वेणीतून केस सुटून कपाळावर आलेले. आईसमोर येऊन ती थांबली आणि खाली न बघता पळी पुढं केली.

शिल्पानं ताटावर हात आडवा धरला.

स्नेहलनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

आणि शिल्पा उठून उभी राहिली. भरल्या पंगतीत उठू नये म्हणतात, पण ती उठली. सगळ्यांचे हात ताटावर थांबले.

"बायाहो, माले सांगानं शे," ती म्हणाली. आवाज फाटला, तिनं खाकरून परत सुरुवात केली. "मी तुम्हना घरोघर उनू. डंपर सांगं, धूय सांगी. ते खोटं नही. पण मी मनाकरता सांगं. पोर गई तर मना हातमाईन पळी जाई, म्हणीसन सांगं. मनी पोर मना डोयासमोर खाई, म्हणीसन सांगं. तुम्ही मना शब्द ठेवा, आन मी..." पुढं तिला येईना. "पोरीस्ले जाऊ द्या. मनी चूक झायी."

सरांनी तेवढ्यात मोबाइल कानाला लावला, त्यांना फोन आला होता की नाही कोण जाणे.

ताईबाई खाली बसल्या बसल्याच बोलली. "मंग मी काय तुनी पळी देखीसन हा म्हनी व्हती का व?"

शिल्पा बघत राहिली.

"अशी काय देखस? पुनम भडगावले जाई म्हणजे तिले सायकल लेवानी पडती. पोरले सायकल शिकाडो, गावभर फिरू द्यो, हाई माले नको व्हतं. तू उनी, आन माले आयतं कारण भेटनं. मी काय तुना शब्द ठेवा? मी मना ठेवा."

कुणीतरी पदराआड हसलं. मग दुसरी एक बाई, जिची पोरगी धाकट्या भावाला सांभाळते, म्हणाली, "पोर भडगावले गई तर नान्हाले कोन देखी, म्हणीसन मी बी..." आणि वाक्य सोडून दिलं. तिसरीनं मान खाली घातली. प्रत्येकीकडं आपापलं काहीतरी होतं. शिल्पाला वाटत होतं, आपण सगळ्यांना वळवलं. वळवायची गरजच नव्हती, सगळ्या वळूनच बसल्या होत्या. पोरांना तेवढं कुणी विचारलं नव्हतं. ती सहा पोरं बादल्या आणि पळ्या घेऊन मधोमध उभी होती आणि मोठ्या माणसांची तोंडं बघत होती.

"ए पुनम," ताईबाई ओरडली, "तोंड काय देखस? वाढ. सायकल नही भेटाव. येस्टीनं जाय. चालस का?"

पुनमनं इतक्या जोरात मान हलवली की बादलीतला शिरा सांडला. मग मात्र पंगत हसली. शिल्पाला हसू येईना आणि रडूही येईना. ती खाली बसली. ताटावरचा हात तिनं काढला. स्नेहलनं एक पळी वाढली. मग दुसरी. मग तिसरी. शिल्पा नको म्हणाली नाही. भरलेलं ताट तिनं सगळं संपवलं, एक शीतही ठेवलं नाही. मीठ बरोबर होतं.

पाचवी काही जोडली गेली नाही. सर चार दिवस शिल्पाशी तुटक बोलले, मग सुट्टी लागली. निकालाच्या दिवशी त्यांनी स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवला आणि "भडगावला नाव काढ," म्हणाले, ते मनापासून म्हणाले. जूनमध्ये दुसरीतल्या एका पोराची आई स्वयंपाकाला लागली. ती पहिल्याच दिवशी शिल्पाकडं विचारायला आली, एवढ्या पोरांना मीठ किती लागतं म्हणून. शिल्पानं मुठीनं दाखवलं. दाखवताना मूठ जरा जास्त वेळ मिटलेली राहिली, एवढंच.

आता शिल्पा निंदणीला जाते. ठिबकवरची कपाशी वर आली आहे आणि गवत तिच्याही वर आलं आहे. शाळा सुरू झाली त्या सकाळी तिनं खुरपं कमरेला खोचलं, डोक्याला फडकं बांधलं आणि वावराच्या वाटेला न जाता आधी थांब्यावर गेली. संघपाल पांढऱ्या शर्टात आधीच तिथं उभा होता, पहिल्या दिवशी सोडायला तो सोबत जाणार होता. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्याच नव्हत्या. चिक काही त्या शर्टावर नव्हता, तरी तो सारखा झटकत होता.

स्नेहलच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. पुनमच्याही तशाच. ताईबाई काठी टेकत आली होती आणि प्रत्येक डंपरला शिव्या देत होती. डंपर गेला की धूळ उडायची, पोरी नाकाला रुमाल लावून खिदळायच्या. शिल्पाला प्रत्येक वेळी पुढं होऊन स्नेहलचा हात धरावासा वाटायचा. तिनं आपलेच हात एकमेकांत धरून ठेवले.

येस्टी आली. एकच गर्दी झाली, पोरी दप्तरं सावरत चढल्या, संघपाल मागून चढला. शिल्पानं धावत जाऊन खिडकीतून डबा आत दिला. "गाडीमधली खिचडी थंड ऱ्हास," ती धापा टाकत म्हणाली. "हाई खाई ले."

गाडी हलली. पुनमनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "मावशी, जातस आम्ही!" ती ओरडली. मागच्या खिडकीतून आणखी दोघी ओरडल्या, "मावशी! मावशी!" आणि त्या सगळ्या आवाजात, हात हलवत, आनंदानं लाल झालेली स्नेहलही ओरडली, "मावशी, जास मी!"

तिच्या ते लक्षातही आलं नाही.

ताईबाईनं शिल्पाकडं बघितलं. शिल्पाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडभर हसू होतं, दोन्ही एकदमच. ती गाडीच्या मागं चार पावलं धावली आणि रोज पंगतीत ओरडायची तशीच, अगदी तशीच, सगळ्या पोरांना ओरडली,

"पोटभर खाज्यात रे!"

मग धुळीतून गाडी दिसेनाशी झाली. शिल्पानं कमरेचं खुरपं चाचपलं आणि वावराची वाट धरली.